हौशी धावपटूंच्या गटात प्रोत्साहन पोकळ होऊ नये म्हणून

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका मध्यम आकाराच्या शहरातील हौशी धावपटूंच्या व्हॉट्सॲप गटाचे काम पाहणाऱ्या ताई लिहितात की त्यांच्या गटात दीडशेच्या आसपास सदस्य आहेत, पण आपल्या धावेची नोंद नियमित टाकणारे तेच ते पंधरा-वीस जण आहेत. नवीन सदस्य आला की पहिल्या आठवड्यात त्याच्यावर अभिनंदनाचा वर्षाव होतो, आणि दोन महिन्यांत तो गप्प होतो. प्रोत्साहन सर्वांपर्यंत पोहोचावे आणि तरी ते उपचारापुरते राहू नये यासाठी काय करावे, आणि जे कधीच काही लिहीत नाहीत त्यांना गटातून काढावे का, असे त्यांनी विचारले आहे. मी हौशी धावपटूंना प्रशिक्षण देतो आणि अर्धमॅरेथॉनमध्ये (२१.१ किलोमीटर) पेसर म्हणून, म्हणजे ठरलेल्या वेळेत शर्यत पूर्ण करू पाहणाऱ्यांना सोबत घेऊन, धावतो. पुढील उत्तर त्या कामातून जे दिसले त्यावर आधारलेले आहे.

नवीन माणूस गप्प होतो तो कौतुक कमी पडले म्हणून, असे मला वाटत नाही. ४२ मिनिटांत ५ किलोमीटर पूर्ण करणाऱ्याला आणि ४८ मिनिटांत १० किलोमीटर पूर्ण करणाऱ्याला गटात एकच अंगठा, एकच टाळ्या आणि एकच ‘भारी!’ मिळते. शब्द सारखे असल्यामुळे वाचणाऱ्याच्या हाती तुलनेसाठी उरतात ते केवळ आकडे, आणि आकड्यांत तो हरलेलाच असतो. घड्याळाच्या छायाचित्रात अंतर, वेळ आणि पेस (एका किलोमीटरला लागलेली मिनिटे) एवढेच दिसते. धावणारी व्यक्ती रात्रपाळी करून आली होती, मुलाचा डबा करून बाहेर पडली होती, की आदल्या दिवशीच्या चढामुळे तिच्या पोटऱ्या अजून जड होत्या, हे त्यात दिसत नाही. मुंबईच्या दमट पहाटेचा पेस आणि नाशिकच्या डिसेंबरमधल्या पहाटेचा पेस एकाच स्तंभात मांडले जातात, आणि मग मुंबईकर बिचारा आपण मागे पडलो असे समजतो.

म्हणून गटातील अनुभवी मंडळींना मी एकच सवय लावून घ्यायला सांगतो. प्रतिक्रिया द्यायचीच असेल तर त्या व्यक्तीच्या मागच्या दोन-तीन नोंदी पाहून द्यावी आणि घड्याळात न दिसणाऱ्या गोष्टीबद्दल द्यावी. ‘मस्त, चालू ठेवा’ यापेक्षा ‘या वेळी शेवटचे दोन किलोमीटर पहिल्या दोनांपेक्षा हळू झाले नाहीत, सुरुवात आवरून केलीत हे दिसते’ हे वाक्य कितीतरी अधिक उपयोगी पडते, कारण आपली धाव कोणीतरी खरोखर पाहिली हे त्यातून समजते. अशा प्रतिक्रियेला वेळ लागतो आणि रोज वीस जणांना ती देता येत नाही, हे मला मान्य आहे. तशी गरजही नाही. आठवड्यातून एकदा, पण नेमकी मिळालेली प्रतिक्रिया माणसाला पुढच्या आठवड्यात पुरते. रोजचे वीस अंगठे मात्र तिसऱ्या दिवशी दिसेनासे होतात.

आपण एकमेकांच्या नोंदी पाहून खरोखर अधिक धावतो का, याचा एक मोठा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. एमआयटीतील सिनान अरल आणि ख्रिस्तोस निकोलाइडीस यांनी सुमारे ११ लाख धावपटूंच्या पाच वर्षांच्या नोंदी तपासल्या. मित्रांमुळे धाव वाढते की धावणारेच एकमेकांचे मित्र होतात, हा गुंता सोडवण्यासाठी त्यांनी हवामानाचा आधार घेतला, कारण एका शहरातील पावसाचा दुसऱ्या शहरातील मित्रावर थेट परिणाम होत नाही. मित्र एक किलोमीटर जास्त धावला तर आपण सरासरी ०.३ किलोमीटर जास्त धावतो, असे त्यांना आढळले. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने त्यांचे पुढचे दोन निष्कर्ष अधिक महत्त्वाचे आहेत. कमी धावणाऱ्यांच्या नोंदींमुळे जास्त धावणारे आणखी धावतात, पण उलट दिशेने हा परिणाम दिसत नाही. तसेच पुरुषांवर स्त्री आणि पुरुष दोघांच्याही नोंदींचा परिणाम होतो, तर स्त्रियांवर तो केवळ इतर स्त्रियांच्या नोंदींचा होतो.

याचा गटापुरता अर्थ मी असा घेतो की आपले पंधरा-वीस वेगवान सदस्य रोज जे टाकतात त्यातून प्रामुख्याने त्यांचे आपसातलेच इंधन भरले जाते. मागून कोणीतरी येत आहे या जाणिवेने ते पुढे पळतात, यात वाईट काही नाही. मात्र ‘आमच्या नोंदी पाहून नवीन लोकांना स्फूर्ती मिळते’ ही समजूत सोडून द्यावी. नवीन माणसाला आपल्याच टप्प्यावरची माणसे दिसावी लागतात. पहिल्यांदा ५ किलोमीटर न थांबता पूर्ण करू पाहणाऱ्या सात-आठ जणांचा छोटा उपगट करावा आणि सहा महिन्यांपूर्वी त्याच टप्प्यावर असलेल्या एखाद्या सदस्याला त्यात मदतीला ठेवावे. मॅरेथॉनच्या तयारीतल्या माणसाला तेथे ठेवू नये, कारण चालणे आणि धावणे आलटून पालटून करताना नेमके काय जड जाते हे तो विसरलेला असतो. स्त्रियांचा वेगळा उपगट स्त्रियांनीच चालवावा. काही पुरुष सदस्य त्यावर नाराज होतात, पण त्या नाराजीची फार काळजी करण्याचे कारण नाही.

गट ज्याचे कौतुक करतो, तसेच सदस्य धावू लागतात. वेगवान धावेला साठ प्रतिक्रिया आणि संथ धावेला चार, असे प्रमाण पडले की दोन महिन्यांत प्रत्येक जण रोजच वेगाने पळू लागतो. धावण्याच्या प्रशिक्षणात याहून महाग पडणारी सवय क्वचितच असेल. आठवड्यातील बहुतांश धाव इतक्या संथ गतीने व्हायला हवी की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे. दम लागून शब्द तुटू लागले की ती सोपी धाव राहिली नाही. हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत सरावतात, पण कंडरा आणि हाडे यांना कित्येक महिने लागतात, आणि या दोहोंच्या मधल्या काळातच नवीन धावपटूला दुखापत होते. अंगात दम आहे, पाय मात्र तयार नाहीत, आणि गट टाळ्या वाजवतो आहे, अशी ती अवस्था असते. म्हणून ज्येष्ठ सदस्यांनी आपल्या संथ धावा मुद्दाम टाकाव्यात आणि ‘आज साडेआठच्या पेसने, गप्पा मारत’ असे स्पष्ट लिहावे. पावणेदोन तासांत अर्धमॅरेथॉन पूर्ण करणारा माणूस मंगळवारी इतका हळू पळतो हे दिसले की नवीन माणसाचा जीव भांड्यात पडतो.

शर्यतीच्या दिवशीचे प्रोत्साहन हा स्वतंत्र विषय आहे. साताऱ्याची हिल मॅरेथॉन येथे उदाहरण म्हणून चांगली उपयोगी पडते. पावसाळ्यात होणाऱ्या या अर्धमॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट चढून त्याच वाटेने परत यायचे असते, त्यामुळे उतरणारे वेगवान धावपटू आणि अजून चढत असलेले संथ धावपटू बराच वेळ समोरासमोर येतात. उतरणारा माणूस खुशीत असतो आणि चढणाऱ्याला ओरडून सांगतो, ‘आलंच, थोडंच राहिलं!’ प्रत्यक्षात दोन किलोमीटर चढ शिल्लक असतो. चढणारा त्या शब्दावर विसंबून जोर लावतो, पुढच्या वळणावर पुन्हा चढच दिसतो आणि त्याचा धीर खचतो. अंतराबद्दल खोटे सांगणे हे मी सर्वांत वाईट प्रोत्साहन मानतो, मग ते कितीही प्रेमाने सांगितलेले असो. ‘अजून दीड किलोमीटर चढ आहे, वर पाणी आहे, चालत गेलात तरी चालेल’ असे सांगावे. खरी माहिती मिळाली की माणूस आपली ताकद वाटून घेऊ शकतो.

जानेवारीत होणाऱ्या टाटा मुंबई मॅरेथॉनमध्ये पेडर रोडचा चढ परतीच्या टप्प्यात लागतो. साताऱ्याच्या घाटापुढे तो काहीच नाही, पण पूर्ण मॅरेथॉन धावणाऱ्याच्या पायांत तोवर ३५ किलोमीटरच्या वर अंतर साठलेले असते आणि ऊन चढलेले असते. आपल्या गटातील काही जण स्वतः धावत नसतील आणि मुंबईत असतील तर त्यांनी उभे राहण्यासाठी ही जागा निवडावी. शेवटच्या रेषेजवळ तशीही गर्दी असते. हातात संत्र्याच्या फोडी, चिमूटभर मीठ आणि थंड पाणी ठेवावे, आणि माणसाला नावाने हाक मारावी. ‘कम ऑन रनर्स’ ही हाक कोणाचीच नसते, तर ‘सुनंदाकाकू, खांदे सैल सोडा’ ही एकाच व्यक्तीची असते आणि तिच्यात करण्याजोगे एक काम असते. थकलेल्या धावपटूला एका वेळी एकच काम सांगावे. खांदे सैल सोडा, पावले छोटी टाका किंवा पुढच्या खांबापर्यंत चाला, यांपैकी काहीही एक. भाषण देऊ नये.

दक्षिण आफ्रिकेतील कॉम्रेड्स मॅरेथॉन ही ९० किलोमीटरच्या आसपासची शर्यत १९२१ पासून डर्बन आणि पीटरमारित्झबर्ग या शहरांदरम्यान होत आली आहे, आणि अलीकडे भारतातून, त्यातही महाराष्ट्रातून, अनेक हौशी धावपटू तेथे जातात. १२ तासांची मुदत संपताच बंदुकीचा बार होतो आणि त्यानंतर येणाऱ्याला पदक मिळत नाही. या मुदतीच्या काठावरच्या लोकांना घेऊन जाणाऱ्या जथ्याला तेथे ‘बस’ म्हणतात. बसचा चालक अनुभवी धावपटू असतो, आणि किती मिनिटे धावायचे व केव्हा चालायचे हे तो ठरवतो. बाकीच्यांनी हिशेब त्याच्यावर सोपवून पाय उचलत राहायचे. आपल्याकडच्या अर्धमॅरेथॉनमध्येही पेसरच्या मागच्या घोळक्याला ‘बस’ म्हणण्याची पद्धत रुळली आहे.

पेसरच्या कामातले सौहार्द बहुतांशी गणितात असते. अडीच तासांची बस म्हणजे किलोमीटरला साधारण ७ मिनिटे ६ सेकंद. पाण्याच्या टेबलापाशी आणि गर्दीत वेळ जाणार म्हणून मी सपाटीवर सात मिनिटांच्या आसपास राहतो, चढावर मुद्दाम हळू होतो आणि उतारावर लगेच भरून काढत नाही. पहिल्या पाच किलोमीटरमध्ये जोशात येऊन साडेसहाच्या पेसने पळवणारा पेसर कितीही घोषणा देत असला, तरी पंधराव्या किलोमीटरला त्याच्यामागे कोणी उरत नाही. आपल्या गटात कोणाला पेसर करायचे असेल तर ज्याची सर्वोत्तम वेळ त्या बसपेक्षा किमान वीस-पंचवीस मिनिटे कमी आहे असाच माणूस निवडावा. जो स्वतः धापा टाकत आहे त्याला दुसऱ्याकडे पाहायला सवड मिळत नाही.

रविवारच्या लांब धावेतही हेच तत्त्व लागू पडते. शनिवारी संध्याकाळी गटात जी सूचना जाते तिच्यात जागा, वेळ, मार्ग आणि पाण्याची सोय यांबरोबर ‘उद्या शेवटी कोण राहणार’ हे नावासह लिहावे. ब्रिटनमध्ये २ ऑक्टोबर २००४ रोजी बुशी पार्कमध्ये १३ धावपटूंनिशी सुरू झालेल्या आणि आता अनेक देशांत पसरलेल्या पार्करन या ५ किलोमीटरच्या साप्ताहिक उपक्रमात सर्वांत मागे चालणारा एक स्वयंसेवक ठरलेला असतो. त्यामुळे येणारा नवीन माणूस कधीच शेवटचा ठरत नाही. ही व्यवस्था उचलण्यासारखी आहे. हे काम आळीपाळीने सर्वांत वेगवान सदस्यांकडे द्यावे. त्यांचा तो दिवस सोप्या धावेचा ठरतो आणि मागच्यांच्या अडचणी त्यांना प्रत्यक्ष दिसतात. शेवटचा माणूस पोहोचेपर्यंत पोहे-चहाला सुरुवात करायची नाही, एवढा एक नियम पाळला तरी गटाची प्रकृती बदलते. वेगवान मंडळी प्रथम कुरकुर करतात, मग पाय ताणण्याचा व्यायाम, जो ते एरवी टाळतात, तो तरी करतात.

आता प्रोत्साहन केव्हा द्यायचे नाही याबद्दल. ‘गुडघा दुखतोय’ असे कोणी लिहिले की दहा मिनिटांत ‘होतं असं, पळत राहा’, ‘बर्फ लावा’ आणि ‘मी ही गोळी घेतो’ असे सल्ले येतात. या बाबतीत मी कठोर आहे. धावताना पाऊल बदलत असेल, म्हणजे लंगडणे येत असेल, तर थांबायचे. नडगीच्या हाडावर बोट ठेवता येईल अशा एकाच बिंदूवर दुखत असेल तर हाडाला ताणाची चीर गेली असण्याची शक्यता असते आणि तेथे अस्थिरोगतज्ज्ञांचे मत लागते, गटाचे नव्हे. छातीत दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, विनाकारण धडधड किंवा नेहमीच्या पेसला अचानक दम लागणे यांपैकी काहीही असेल तर ‘हिंमत सोडू नका’ असे म्हणणारा माणूस त्या क्षणी धोका वाढवत असतो. वेदनाशामक गोळी घेऊन शर्यतीत उतरण्याचा सल्ला गटात दिसताच व्यवस्थापकाने तो काढून टाकावा. लांब धावेत शरीरातले पाणी कमी झालेले असताना अशा काही गोळ्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात.

‘भरपूर पाणी प्या’ हा सल्लाही सरसकट देऊ नये. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातील सोडियम सामान्य पातळीखाली गेलेले आढळले. धावताना वजन वाढणे, म्हणजेच गरजेपेक्षा जास्त पिणे, हे त्याचे प्रमुख कारण होते आणि चार तासांहून जास्त वेळ रस्त्यावर असणाऱ्यांत ते अधिक दिसले. म्हणजे प्रत्येक टेबलापाशी थांबून प्यायला जिला आपण प्रेमाने बजावतो, ती संथ धावणारी व्यक्तीच यात सापडू शकते. तहानेनुसार प्यावे, एवढेच सांगावे.

गप्प झालेल्या सदस्याचे काय करावे, याकडे येतो. ‘कुठे गायब? दिसला नाहीत बरेच दिवस!’ असे गटात जाहीर विचारणे ही आपल्याकडची आपुलकीची रीत आहे, आणि समोरासमोर ती गोडही वाटते. दीडशे लोकांसमोर लिहिली की मात्र तिचा जाब होतो. त्या माणसाच्या घरी आजारपण असेल, नोकरी गेली असेल, दुखापत झाली असेल किंवा केवळ लाज वाटत असेल. यांतले काहीही चव्हाट्यावर सांगण्याची त्याची तयारी नसते, म्हणून तो उत्तर देत नाही, आणि उत्तर दिले नाही म्हणून पुन्हा गटात यायला त्याला संकोच वाटतो. त्यापेक्षा जो सदस्य त्याच्याबरोबर प्रत्यक्ष धावला आहे त्याने खासगीत लिहावे, आणि परत कधी येणार हे विचारू नये. ‘रविवारी विद्यापीठाच्या बाजूला आहोत, धावायचे नसेल तर पाण्याच्या टेबलावर हात हवा आहे’ असे लिहिले तर त्याला न धावताही येण्याची वाट मिळते. दुखापतीतून परतलेले माझ्या पाहण्यातले बरेच जण असेच पाण्याच्या टेबलावरून परत आले आहेत.

शर्यत अर्धवट सोडलेल्याला त्याच दिवशी ‘पुढच्या वेळी नक्की!’ असे लिहू नये. दोन दिवस जाऊ द्यावेत, मग काय झाले ते ऐकून घ्यावे आणि थांबण्याचा निर्णय योग्य असेल तर तसे स्पष्ट म्हणावे. कोणत्या किलोमीटरला आणि कशामुळे थांबलो हे त्याला स्वतःहून गटात लिहावेसे वाटले तर ती नोंद पदकाच्या छायाचित्राइतकीच जपावी, कारण पुढच्या वर्षी त्याच मार्गावर जाणाऱ्याला तिचाच उपयोग होणार असतो.

काही गोष्टी थोडक्यात सांगतो. ‘केवढी बारीक झालीस’ ही प्रतिक्रिया, कौतुकाची असली तरी, गटात नको. साठीपुढच्या सदस्यांना ‘या वयात’ म्हणून सुरुवात होणारे कौतुक बहुधा आवडत नाही, त्यांच्या धावेबद्दल बोलावे. स्ट्राव्हा या धावेची नोंद ठेवणाऱ्या ॲपवर धाव जेथून सुरू होते तो घराजवळचा भाग नकाशातून लपवता येतो, तो नवीन सदस्यांना, विशेषतः पहाटे एकट्या धावणाऱ्या स्त्रियांना, पहिल्याच आठवड्यात लपवून द्यावा. सुप्रभातचे संदेश आणि राजकारण यांसाठी वेगळा गट काढून द्यावा म्हणजे तेथे ते सुखाने नांदतील.

राहिला प्रश्न काही न लिहिणाऱ्यांना काढण्याचा. काढू नये. अनेक जण एक अक्षर न लिहिता रविवारची जागा वाचून हजर राहतात, आणि काही जण वर्षभर नुसते वाचून मग पहिले पाऊल टाकतात. संख्येचा फारच त्रास होत असेल तर सूचनांचा गट वेगळा करावा, ज्यात व्यवस्थापकच लिहू शकतील, आणि गप्पांच्या गटात राहायचे की नाही ते ज्याचे त्याला ठरवू द्यावे. वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळा संपताना, म्हणजे हिवाळी शर्यतींची तयारी सुरू होण्याआधी, प्रत्येकाला खासगीत विचारावे. ‘राहायचे आहे’ असे उत्तर आले की तो सदस्य आहेच, त्याने कधी धावेची नोंद टाकली असो वा नसो.